सातपुड्याच्या उतारावरून वाहणाऱ्या मातीत माणसाचा वाटा किती, हे कसे मोजावे

पावसाळ्यात गोमाई, अनेर, सुकी किंवा पांझरा गढूळ वाहू लागली, एवढ्यावरून डोंगरावरची माती माणसाने सोडवली असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि धरणाखाली तापीचे पाणी निवळ दिसते म्हणून वरचे उतार शाबूत आहेत, असेही म्हणता येत नाही. डोंगराची झीज माणूस येण्यापूर्वीही होतच होती. खानदेशात तापीकाठी दिसणारा गाळमातीचा जाड थर त्याच झिजेतून साचला आहे. आपल्याला शोधायचे आहे ते त्या नैसर्गिक झिजेवर नांगर, कुऱ्हाड, चराई, घाटरस्ता आणि खाणी यांनी किती भर घातली हे, आणि ती माती उतरून नेमकी कुठे थांबते हे. ग्रामसभा, महाविद्यालयाचा भूगोल विभाग किंवा शेतकऱ्यांचा गट यांना हे काम मोठ्या खर्चाशिवाय करता येते. मात्र ते निदान दोन पावसाळे चिकाटीने करावे लागते, कारण एका वर्षाच्या पावसावरून डोंगराचा स्वभाव कळत नाही.

उष्ण कटिबंधातील डोंगरांवर हा प्रश्न तीव्र असतो. खानदेशचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यातही वर्षभराची बहुतेक माती मोजक्या काही तासांच्या जोरदार सरींत हलते. त्याच वेळी जून-जुलैत कपाशीच्या दोन ओळींमधली जमीन उघडी असते, कारण पीक ती झाकण्याइतके वाढलेले नसते. श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगरात, महावेली नदीच्या वरच्या खोऱ्यात झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. नदीच्या वाळूतील क्वार्ट्झमध्ये वैश्विक किरणांमुळे तयार होणारे बेरिलियम-१० मोजून तिथल्या संशोधकांनी हजारो वर्षांचा नैसर्गिक झिजेचा वेग काढला आणि त्याची तुलना आजच्या गाळाशी केली. लागवडीखालील उतारांवरून माती तयार होण्याच्या वेगापेक्षा १० ते १०० पट वेगाने वाहून जात होती. ती पद्धत मात्र जशीच्या तशी सातपुड्यात चालत नाही, कारण आपला काळा खडक बसाल्ट आहे आणि त्याच्या मूळ घडणीत क्वार्ट्झ नसल्यातच जमा असतो. म्हणून आपल्याला दुसरा, अधिक साधा मार्ग धरावा लागतो: एकाच खडकावरचे, एकाच पावसातले दोन शेजारी पाणलोट घ्यायचे, एक राखलेला आणि एक वापरातला, आणि दोन्हींची मोजणी एकाच पद्धतीने करायची.

पाणलोटांची जोडी निवडणे

या निवडीवर पुढचे सगळे अवलंबून असल्यामुळे इथे घाई करू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा किंवा इस्रोचे भुवन संकेतस्थळ समोर ठेवून ५० ते २०० हेक्टर क्षेत्राचे दोन छोटे नाले शोधावेत. दोन्हींचा उतार, उताराची दिशा, मातीची खोली आणि पायथ्यापासूनची उंची शक्य तितकी सारखी असावी. पाल, यावल, चोपडा, तोरणमाळ किंवा धडगाव परिसरात राखीव वन आणि शेती एकमेकांना लागून असलेली ठिकाणे सापडतात. दक्षिणेकडे चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या बाजूलाही अशी जोडी मिळू शकते. वनक्षेत्रात खुंट्या ठोकण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी, आणि जिथे सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत तिथे ग्रामसभेचीही.

राखलेला पाणलोट म्हणजे केवळ झाडे उभी असलेला पाणलोट नव्हे. सागाच्या मोठ्या पानांवर पावसाचे थेंब एकत्र येतात आणि अधिक मोठे होऊन खाली पडतात. खाली पालापाचोळा, गवत आणि झुडपे नसतील तर असे थेंब उघड्या पावसापेक्षाही जोराने माती उडवतात. उन्हाळ्यात वणवा लागून गेलेले किंवा सतत चरलेले सागवान म्हणूनच तुलनेसाठी चालत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाड्यासारखे गाव, जिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून जंगल पुन्हा उभे केले, हे चांगल्या तुलनेचे उदाहरण आहे, कारण तिथे झाडांबरोबर जमिनीवरचे आच्छादनही परत आले. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

निवडलेल्या दोन्ही पाणलोटांचा इतिहास लिहून काढावा. जुने नकाशे, गावनकाशा, सातबारा, १९७२ पासून उपलब्ध असलेली लँडसॅट उपग्रहाची चित्रे आणि गावातील जाणत्या माणसांच्या आठवणी यांची सांगड घातली म्हणजे कोणता उतार कधी नांगराखाली आला, रस्ता कधी कापला, खाण कधी सुरू झाली हे बऱ्यापैकी ठरवता येते. इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डोंगरउतारावर ज्वारी-मका पेरणाऱ्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाच्या माथी सगळी धूप मारण्याची सवय आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात कच्च्या घाटरस्त्यासाठी केलेली डोंगराची एक कापणी, तिच्या खालच्या बाजूला लोटलेला मुरूम आणि मोरीतून एकवटून सुटलेले पाणी एवढ्यानेही नाल्यात बरीच माती येऊ शकते. रस्ता, खाण, शेत, पायवाट आणि जंगल यांची नोंद म्हणून वेगवेगळी ठेवावी आणि कोणालाही मोजण्याआधी दोषी धरू नये.

पाऊस

प्रत्येक पाणलोटात एक पर्जन्यमापक हवा, आणि त्याची नोंद रोज सकाळी ८:३० वाजता घ्यावी. परंतु धुपीच्या दृष्टीने दिवसाच्या एकूण पावसापेक्षा तो किती वेळात पडला हे अधिक मोलाचे असते. साधारण १२.७ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाची सर धुपीच्या गणितात सहसा धरत नाहीत, मात्र १५ मिनिटांत ६.४ मिलिमीटर पडला तर ती सर धरतात. स्वयंचलित मापक परवडत नसेल तर मोठ्या सरीच्या वेळी कोणीतरी दर १५ मिनिटांनी नळकांड्यातील पातळी पाहून लिहावी आणि महसूल मंडळातील महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांशी ती ताडून पाहावी.

उतारावरची मोजणी

न नांगरलेल्या जमिनीवर सर्वांत साधे साधन म्हणजे धूप-खुंटी. ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या सळईचे ३० सेंटिमीटर लांबीचे तुकडे उतारावर आडव्या ओळींत ठोकावेत आणि प्रत्येकाचा ठरावीक भाग जमिनीवर ठेवावा. जमिनीच्या एका तुकड्यात ३० ते ४० खुंट्या असाव्यात, कारण एका खुंटीजवळ माती जाते तेव्हा शेजारच्या खुंटीजवळ ती साचलेलीही असते. अर्थ असतो तो सरासरीला. खुंटीवर एक सैल वायसर घालून त्याच्यापासून डोक्यापर्यंतची उंची मोजली म्हणजे जमिनीच्या खाचखळग्यांचा परिणाम कमी होतो.

या मोजणीत काळ्या मातीची एक अडचण आहे. काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, त्यामुळे सप्टेंबरात घेतलेले माप धुपीऐवजी फुगवटा दाखवते. खुंट्यांची मोजणी दरवर्षी एकाच कोरड्या अवस्थेत, म्हणजे एप्रिल-मेमध्येच करावी. वरच्या मुरमाड, बरड उतारांवर हा त्रास कमी, पायथ्याकडच्या खोल जमिनीत जास्त.

आता आकड्यांचा अंदाज घेऊ. एका हेक्टरवरून १ मिलिमीटर माती गेली म्हणजे १० घनमीटर गेली, आणि मातीची घनता दर घनमीटरला १.३ टन धरली तर ती १३ टन भरते. भारताची सरासरी धूप दर हेक्टरी दर वर्षी सुमारे १६.४ टन असल्याचा १९८३ साली मांडलेला अंदाज आजही वापरला जातो. खुंटीवर ती जेमतेम सव्वा मिलिमीटर दिसेल. त्याच अंदाजानुसार हललेल्या मातीपैकी सुमारे ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन थांबते, सुमारे १० टक्के जलाशयांत साचते आणि सुमारे २९ टक्के समुद्रापर्यंत पोहोचते. सव्वा मिलिमीटर मोजायचा असेल तर फूटपट्टी पुरत नाही, व्हर्नियर कॅलिपर लागतो. मातीची घनता गृहीत न धरता स्वतः काढावी: १०० घनसेंटिमीटरचे धातूचे कडे जमिनीत दाबून नमुना घ्यावा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवावा आणि वजन करावे. पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्राला विनंती केली तर ही सोय होऊ शकते.

नांगरलेल्या वावरात खुंट्या टिकत नाहीत. तिथे मोठ्या पावसानंतर पडलेल्या ओघळी मोजाव्यात. उताराला आडवी दोरी धरून तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येक ओघळीची रुंदी आणि खोली लिहावी, अशा दोऱ्या वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतरावर धराव्यात आणि दोन दोऱ्यांमधल्या अंतराने गुणून एकूण घनफळ काढावे. ओघळींखेरीज पातळ थराने गेलेली माती या मापात येत नाही, म्हणून हा आकडा नेहमी कमीतकमी समजावा. पेरणी उताराच्या दिशेने आहे की आडवी, बांध फुटले आहेत का, धुऱ्यावर गवत आहे का, हे प्रत्येक वावरापुढे लिहिले नाही तर नंतर आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. शेतातून पाणी ज्या जागी बाहेर पडते तिथे साचलेला मातीचा पंखाही मोजून ठेवावा, कारण सुटलेली सगळी माती नाल्यापर्यंत पोहोचलेली नसते.

नाल्यातील गाळ

या मोजणीसाठी नाल्यावरची मोरी किंवा फरशी निवडावी आणि पुराच्या पाण्यात कोणीही उतरणार नाही हा नियम सर्वांनी मान्य करावा. सातपुड्यातले छोटे नाले तासाभरात, कधी त्याहूनही लवकर चढतात. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर पाऊस झालेला असू शकतो. उन्हाळ्यात नाला कोरडा असताना मोरीजवळचा आडवा छेद मोजून कागदावर काढावा आणि मोरीच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवाव्यात, म्हणजे पुरात फक्त पातळी वाचावी लागते. वेगासाठी ठरावीक अंतरावर दोन खुणा करून लाकडाचा तुकडा किंवा संत्रे सोडावे आणि लागलेला वेळ मोजावा. पृष्ठभागावरचा वेग ०.८५ ने गुणला म्हणजे सरासरी वेगाचा बरा अंदाज मिळतो, आणि त्याला छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की दर सेकंदाचा प्रवाह मिळतो.

पाण्याचा नमुना काठावरून तांब्याने उचलू नये. लांब काठीला अरुंद तोंडाची बाटली बांधून ती प्रवाहाच्या मध्यावर एकसारख्या गतीने तळापर्यंत नेऊन वर आणावी. बाटली अगदी काठोकाठ भरली तर तो नमुना टाकून द्यावा. पूर चढताना आणि उतरताना दर १५ ते ३० मिनिटांनी नमुना घ्यावा, कारण एकाच पातळीला चढत्या पाण्यात बहुधा उतरत्या पाण्यापेक्षा जास्त गाळ असतो. फक्त सकाळी जाऊन घेतलेले नमुने म्हणूनच फसवतात. रात्रीचा पूर हातचा जाऊ नये यासाठी खांबावर वेगवेगळ्या उंचीला वाकड्या नळ्या लावलेल्या बाटल्या बांधता येतात. पाणी चढताना त्या आपोआप भरतात, मात्र त्या केवळ चढत्या पुराची गोष्ट सांगतात हे वहीत लिहावे.

नमुन्याचे आकारमान मोजून तो आधीच वजन केलेल्या गाळणकागदातून गाळावा, १०५ अंशांना वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो. बारीक चिकणमाती कागद तुंबवते. अशा वेळी किंचित तुरटी घालून गाळ आधी खाली बसू द्यावा आणि मग वरचे निवळ पाणी गाळावे, पण मग सर्व नमुन्यांना तेच करावे. समजा एका लिटरमध्ये ३ ग्रॅम गाळ निघाला आणि त्या वेळी प्रवाह सेकंदाला ४ घनमीटर होता, तर सेकंदाला १२ किलो म्हणजे तासाला ४३.२ टन माती जात होती. पाणलोट १०० हेक्टरचा असेल तर त्या एका तासात हेक्टरी ०.४३ टन. सगळ्या पुरांची अशी बेरीज केली की वर्षाचा आकडा तयार होतो.

तळाशी घरंगळत जाणारी वाळू, खडे आणि गोटे बाटलीत येत नाहीत. डोंगरी नाल्यात त्यांचा वाटा मोठा असू शकतो. त्यासाठी बंधाऱ्याकडे जावे लागते.

पाझर तलाव ही साठवलेली नोंदवही

मला या सगळ्यात सर्वांत भरवशाचे साधन वाटते ते गावचे जुने पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून खानदेशात असे अनेक तलाव व नालाबांध झाले. त्यांच्या बांधणीचे वर्ष कागदोपत्री सापडते, त्यांचा पाणलोट नकाशावर मोजता येतो, आणि तळाशी साचलेला गाळ म्हणजे तेवढ्या वर्षांची धूप एका जागी. जोडीतील दोन्ही पाणलोटांच्या तोंडाशी असे तलाव असतील तर निम्मे काम झालेच.

मे महिन्यात तलाव कोरडा असताना तळावर १० किंवा २० मीटरच्या चौकटी आखाव्यात आणि प्रत्येक कोपऱ्यावर हाताच्या गिरमिटाने मूळ जमीन लागेपर्यंत भोक पाडावे. मूळ जमीन मुरमाने, जुन्या मुळ्यांनी किंवा रंगातल्या एकदम बदलाने ओळखू येते. दोन-तीन ठिकाणी माणूस उभा राहील एवढा खड्डा खणून त्याची भिंत नीट पाहावी: मोठ्या पुराचा थर तळाशी जाड वाळूचा आणि वर बारीक चिकणमातीचा असतो, आणि कधी कधी मधल्या कोरड्या काळातल्या भेगाही दिसतात. प्रत्येक थर म्हणजे एक वर्ष असे मात्र धरू नये.

हिशेब सोपा आहे. समजा १२० हेक्टर पाणलोटाच्या तलावात २० वर्षांत १२,००० घनमीटर गाळ साचला आणि त्याची कोरडी घनता १.२ निघाली, तर तो १४,४०० टन झाला. म्हणजे दर हेक्टरी दर वर्षी ६ टन. यात दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. सांडव्यावरून गेलेले बारीक कण तलावात राहत नाहीत, म्हणून नाल्यातल्या नमुन्यांप्रमाणेच सांडव्याखालीही नमुने घ्यावेत. दुसरी दुरुस्ती अधिक नाजूक आहे: २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आणि त्यापूर्वीही शेतकऱ्यांनी अनेक तलावांतून गाळ नेला आहे. किती ट्रॉल्या गेल्या हे ग्रामपंचायतीकडून आणि ज्यांनी नेला त्यांच्याकडून विचारून काढावे. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. ही माहिती मिळत नसेल तर तो तलाव सोडून द्यावा. पांझरेवरच्या फड पद्धतीच्या, म्हणजे सामूहिक सिंचनाच्या, जुन्या बंधाऱ्यांसारखे जे बांध माथ्यापर्यंत भरून गेले आहेत त्यांचाही या मोजणीला उपयोग नाही, कारण भरल्यानंतरची माती त्यांनी अडवलेलीच नसते.

माणसाचा वाटा वेगळा काढणे

वापरातल्या पाणलोटाचा हेक्टरी आकडा वजा राखलेल्या पाणलोटाचा आकडा, हा माणसाच्या वाट्याचा पहिला, ढोबळ अंदाज होय. तो मान्य करण्याआधी नाल्याचे काठ तपासावेत. पायथ्याकडे आणि तापीच्या दोन्ही काठांवर गाळमातीत खोल घळी पडल्या आहेत. तिथून सुटलेली पिवळसर माती डोंगरउतारावरून आलेलीच नसते, आणि ती नाल्याच्या गाळात मिसळली तर शेतीच्या नावे भलताच आकडा चढतो. काठावर रंगाच्या खुणा करून तो पावसाळ्यात किती मागे सरला हे मोजावे. अधिक खात्री हवी असेल तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या मदतीने सीझियम-१३७ पाहता येते. अणुचाचण्यांतून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वातावरणातून पडलेला हा पदार्थ जमिनीच्या वरच्या थरालाच चिकटून असतो, म्हणून गाळात तो आढळला तर माती वरच्या थराची, नाही आढळला तर काठाची किंवा खोल कापणीची. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्यामुळे त्याचे प्रमाण सतत घटते आहे, आणि ही मोजणी लवकर करणे चांगले.

नदीवरच्या केंद्रांचे आकडे वापरताना फार सावध राहावे. केंद्रीय जल आयोग तापीवर बऱ्हाणपूर, सारंगखेडा अशा ठिकाणी मोजणी करतो, पण या दोहोंच्या मध्ये १९८० च्या दशकात पूर्ण झालेले हतनूर धरण आहे, जिथे तापी आणि पूर्णा या दोन्हींचा गाळ अडतो आणि पुरात ४१ दरवाजे उघडले की त्यातला काही पुढे जातो. त्याच्याही खाली गुजरातेत १९७२ चे उकाई. माणसाचा हात इथे दोन्ही दिशांनी काम करतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक हिशेबात असे दिसले, की माणसाने नद्यांतला गाळ वर्षाला सुमारे २.३ अब्ज टनांनी वाढवला, आणि तरीही धरणांमुळे समुद्रात पोहोचणारा गाळ सुमारे १.४ अब्ज टनांनी घटला. सारंगखेड्याचा आकडा कमी दिसला तर त्यावरून धडगावच्या उताराबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तसेही धडगावचा बराचसा भाग नर्मदेकडे उतरतो.

आकडे हाती आल्यावर

उपाय आकड्यांनी दाखवलेल्या जागी करावेत. ओघळींचा वाटा मोठा निघाला तर आडवी नांगरणी, धुऱ्यावरचे गवत आणि बांधदुरुस्ती. रस्त्याचा निघाला तर मोरीखाली दगडी उतरंड आणि कापणीवर गवताची लावण. चरलेल्या माळाचा निघाला तर सलग समतल चर आणि निदान तीन पावसाळे चराईबंदी. क्रम माथ्याकडून पायथ्याकडे असावा. शिरपूर परिसरात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून झालेल्या जलसंधारणाने भूजलाला मोठी मदत केली. पण अशा खोल नाल्याचे आयुष्य वरच्या उतारावरून किती माती येते यावर ठरते, आणि काढलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो परत आत येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या बाजूला गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे, ज्यातून केळीच्या विहिरींचे पाणी भरते. तिथे बारीक गाळ पसरून पुनर्भरणाची छिद्रे बुजणे हे खालच्या शेतकऱ्याचे थेट नुकसान आहे, आणि वरच्या गावाच्या बंदोबस्तासाठी खालच्या गावांनी पैसा व श्रम देण्याचे ते न्याय्य कारण ठरते.

उपाय एकाच पाणलोटात करावेत, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्हींची मोजणी चालू ठेवावी. दोन्ही एकदम सुधारले तर फरक कामामुळे पडला की कमी पावसामुळे, हे सांगता येणार नाही. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, मोजणाऱ्याचे नाव आणि वापरलेले साधन लिहावे. मूळ वही ग्रामपंचायतीत आणि तिची प्रत शाळेत किंवा महाविद्यालयात ठेवावी, आणि दुसऱ्या वर्षी खुंट्या वाचण्यापूर्वी पहिल्या वर्षीचे आकडे मोजणाऱ्यांना दाखवू नयेत.